देऊळ उघडंच होतं

परदेशी जायचं आमच्या घरात पहिल्यांदा काढलं ते ताईंनी. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. ताई पुढे त्याच सरकारात लघुलेखक म्हणून लागल्या. लग्न केलं नाही. कोण साहेब कुठं जाणार, कोणत्या गाडीनं जाणार, कुठल्या विश्रामगृहात उतरणार, याचे आदेश टाइप करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्वतः मात्र फार तर नागपूरला जाऊन यायच्या. निवृत्त झाल्यावर एका रविवारी आमच्या अवधपुरीच्या घरी पोहे-जलेबी खाता खाता त्या मला म्हणाल्या, "अगं, आपण दोघी बँकॉकला जाऊ."

मी हसले नाही. मी शाळेत भूगोल शिकवला. जगाचा नकाशा न बघता फळ्यावर काढायचे, अगदी जपानची बेटंसुद्धा. मुलींना वाटायचं बाई सगळीकडे जाऊन आल्यात. खरं तर माहेर उज्जैन, सासर भोपाळ, आणि मधला रस्ता एवढाच माझा प्रवास. मी ताईंना लगेच हो म्हटलं. जलेबी हातात तशीच राहिली.

माझा नवरा कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. गुडघ्यांमुळे तो येणार नव्हता, पण काळजी करायला गुडघे लागत नाहीत. त्याच्याहून जास्त काळजी धाकट्या दिरांना. ते रोज फोनवर व्हिडिओ पाठवू लागले. अमक्या देशात पर्यटकांना कसं लुटतात, टॅक्सीवाले मीटर कसं बंद ठेवतात, समुद्रात चालवायला भाड्यानं घेतलेल्या स्कूटरवर जुनाच ओरखडा दाखवून भरपाई कशी मागतात. शेवटी एक दिवस ते घरी आले आणि समोरच बसले.

"दोघी बायका, त्यात वयस्क. तुम्हाला बघताच ओळखतील की या नवख्या आहेत."

"ओळखू देत," ताई म्हणाल्या. "ओळखी वाढतील."

तरी भीती आमच्यासोबत विमानात बसली होतीच. पहिल्या दिवशी तिनं आमची फजिती केली. हॉटेलजवळच्या बसथांब्यावर एक बाई आमच्या दिशेनं हात हलवत यायला लागली. ती काहीतरी बोलत होती, कळत काहीच नव्हतं. आम्हाला व्हिडिओ आठवले. मी ताईंचा हात धरला आणि आम्ही झपाझप चालू लागलो. ती मागे. आम्ही रस्ता ओलांडला, तिनंही ओलांडला. शेवटी एका दुकानापाशी ताईंना दम लागला आणि त्या थांबल्या. ती बाई धापा टाकत आली आणि तिनं ताईंची छत्री त्यांच्या हातात दिली. थांब्यावरच्या बाकावर राहिली होती. नमस्कारासारखे हात जोडून ती हसली आणि आल्या वाटेनं परत गेली.

आम्ही दोघी तिथंच उभ्या. ताई म्हणाल्या, "असं सगळ्यांपासून पळत राहिलो तर बघणार काय?"

त्या संध्याकाळी खोलीत बसून मी बराच विचार केला. शाळेत मी मुलींना सांगायचे की नकाशात आधी आपण कुठं आहोत ते बघा, मग कुठं जायचं ते. मला वाटलं, माणसांचंही तसंच असावं. त्या बाईनं आमची वस्तू आम्हाला दिली आणि ती गेली. आम्हाला जिकडं जायचं होतं ते तिनं बदललं नाही. उज्जैनला लहानपणी आमचं घर स्टेशनच्या रस्त्यावर होतं. यात्रेकरू उतरायचे, वडिलांना पत्ता विचारायचे, वडील दारात उभं राहून वाट दाखवायचे आणि पुन्हा पेपर वाचायला बसायचे. पण रस्त्यावर दुसरीही काही माणसं असायची. ती यात्रेकरूला अडवून म्हणायची, "अभी पट बंद हैं, माताजी. तब तक आइए, एक और स्थान के दर्शन करा दूँ." पट, म्हणजे देवळाची दारं, उघडीच असायची. आम्ही मुली खिडकीतून बघायचो आणि कोण फसणार, कोण निसटणार यावर पैजा लावायचो. इतकी वर्षं मी ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला एक नवं जोडपं भेटलं. मुलीच्या हातातला लाल चुडा बघूनच ताईंनी विचारलं, "कहाँ से?" तर विदिशाचे निघाले.

"अरे आंटी, हम तो पड़ोसी हुए," मुलगा म्हणाला. त्याचं मोबाइलचं छोटं दुकान होतं. मुलीनं नुकतंच बी.एड. केलं होतं. मी शिक्षिका होते म्हटल्यावर ती माझ्याच शेजारी येऊन बसली. तीही दोघं त्या दिवशी निजलेल्या बुद्धाचं देऊळ बघणार होती. आम्ही आधी निघालो.

देवळाच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीपाशी पोहोचलो, तेवढ्यात एक गृहस्थ समोर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. इंग्रजीत म्हणाला, "आज सकाळी भिक्षूंची खास प्रार्थना आहे. देऊळ दुपारनंतर उघडेल." मग त्यानं आमच्या हातातला नकाशा हळूच घेतला आणि त्यावर पेनानं गोल काढायला लागला. इथं एक दुसरं देऊळ आहे, फार सुंदर, लोकांना माहीत नाही. इथं रत्नांची सरकारी विक्री, आज शेवटचा दिवस. तो आमच्यासाठी टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवील, अगदी थोड्या पैशांत.

ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती सभ्य माणूस आहे."

मला मात्र आमची उज्जैनची खिडकी दिसली. पांढरा शर्ट वेगळा, भाषा वेगळी, पण वाक्य तेच. अभी पट बंद हैं, माताजी. माझ्या मनात भीती नव्हतीच. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर ती बोलायच्या आधीच कळावं, तसं काहीसं झालं.

मी त्याच्या हातातून नकाशा परत घेतला. "थँक यू," म्हटलं, "आम्ही बंद दार बघायलाच आलोय."

त्याला ते कळलं नाही, पण माझं चालणं कळलं. भिंतीला वळसा घालून आम्ही दाराशी आलो. दार सताड उघडं होतं. तिकिटासाठी रांग होती, शाळेची मुलं होती, आइस्क्रीमवाला होता. ताईंनी मागे वळून भिंतीच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तुला कसं कळलं?"

"ताई, मी तीर्थाच्या गावची आहे," मी म्हटलं.

आत तो बुद्ध. एवढा मोठा की एका नजरेत मावत नाही. डोक्यापासून पायापर्यंत चालत जावं लागतं, दोन खांबांच्या मधून कधी खांदा दिसतो, कधी कोपर. सगळं सोनेरी. तळव्यांवर शिंपल्यांची नक्षी. भिंतीलगत पितळी वाट्यांची रांग आणि लोक प्रत्येकीत एक एक नाणं टाकत चाललेले, त्याचा किणकिण आवाज सगळ्या देवळात भरलेला. ताई चप्पल पिशवीत धरून अनवाणी उभ्या राहिल्या. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम जांभळी इरकल नेसली होती. मी तळव्यांपाशी त्यांचा फोटो काढला. त्या एरवी फोटोत कधी हसत नाहीत. त्या फोटोत सगळे दात दिसतात.

खरं तर आमचा दिवस तिथंच जिंकून झाला होता. पण बाहेर आलो, तर रस्त्याच्या पलीकडे तोच पांढरा शर्ट. त्याच्यासमोर आमचं विदिशाचं जोडपं टुकटुकमध्ये बसत होतं आणि मुलाच्या हातातल्या नकाशावर गोल काढलेले दिसत होते.

"अगं, ती पोरं," ताई म्हणाल्या, आणि मी काही ठरवायच्या आत त्या रस्ता ओलांडून टुकटुकच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ताई बाजूला झाल्या त्या थेट आत, मुलीच्या शेजारी. "सरक बेटा," म्हणाल्या. मलाही हात देऊन आत ओढलं. पांढऱ्या शर्टानं आम्हाला ओळखलं होतं. पण रस्त्यात तमाशा करणं त्याला परवडणारं नव्हतं. त्यानं ड्रायव्हरला खूण केली आणि टुकटुक सुटली.

मी मुलाला ओरडूनच सांगितलं, "मंदिर खुला है. ये आदमी झूठ बोल रहा है."

"आंटी, उनके पास सरकारी कार्ड है," तोही ओरडून म्हणाला. इंजिनाच्या आवाजात धड काही ऐकू येत नव्हतं. आधी आम्हाला एका छोट्या, रिकाम्या देवळात नेलं. तिथं पायरीवर एक माणूस सहज बसल्यासारखा बसला होता. त्यानं मुलाशी गप्पा काढल्या. म्हणाला, मी दरवर्षी इथून नीलम नेतो, माझ्या देशात दामदुप्पट होतात, आज शेवटचा दिवस म्हणून धावत आलो. मुलाचे डोळे चमकले.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, एवढा फायदा असेल तर हे लोक स्वतःच नाही का विकणार? रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसांना का शोधतील? मी शिक्षिकेसारखी मुद्दे मांडत गेले आणि मुलगा विद्यार्थ्यासारखा कान बंद करत गेला. नव्या बायकोसमोर कुणीतरी आपल्याला अडाणी ठरवतंय, एवढंच त्याला ऐकू येत होतं.

"आंटी, आप बड़ी हैं, इसलिए चुप हूँ," तो म्हणाला. "तीन-तीन लोग एक ही बात कह रहे हैं. सब झूठे और आप अकेली सच्ची?"

तीन माणसं म्हणजे शर्टवाला, ड्रायव्हर आणि पायरीवरचा. पुन्हा टुकटुकमध्ये बसलो. मुलगी मान खाली घालून चुडा फिरवत होती. ताई तिचा हात धरून बसल्या होत्या.

दुकान काचेच्या दारांचं होतं, आत थंडगार. "नमस्ते जी" म्हणत एक विक्रेता पुढे आला. त्यानं सगळ्यांना संत्र्याचा रस दिला आणि मखमलीच्या तबकात निळे खडे मांडले. मुलीच्या बोटात अंगठी घातली, मग मुलाला एकेक खडा भिंगातून दाखवायला लागला. मुलगा मान डोलवत होता. मग त्यानं खिशातून बँकेचं कार्ड काढून काचेवर ठेवलं.

त्या क्षणी मला कळलं की खड्यांबद्दल बोलून उपयोग नाही. खडे खरे की खोटे हे मलाही माहीत नव्हतं. मला माहीत होती ती एकच गोष्ट, आणि तिचा पुरावा माझ्या पर्समध्ये होता. मी फोन काढला, ताईंचा फोटो उघडला आणि मुलाच्या नाही, मुलीच्या हातात दिला.

"ये किसका फोटो है, बेटा?"

तिनं बघितलं. "बुद्ध भगवान के पैर."

"और आगे कौन खड़ा है?"

तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग मान वर करून ताईंकडे बघितलं. जांभळी इरकल, तीच. केसात सकाळी हॉटेलातल्या कुंडीतून खुडलेलं चाफ्याचं फूल, तेच. फोटोच्या वर लिहिलेलं होतं, 'आज'.

मुलगी नवऱ्याकडे वळली.

"मंदिर खुला था."

"तो?" तो म्हणाला.

"तो उस आदमी ने पहली बात ही झूठ बोली. जिसकी पहली बात झूठ, उसकी दूसरी पर हम पैसे लगा रहे हैं?"

मी अर्धा तास जे समजावत होते ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मुलानं फोन घेतला. फोटो बघितला, ताईंची साडी बघितली, पुन्हा फोटो बघितला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ढासळत गेलेलं दिसलं. मुलीनं त्याची वाट बघितली नाही. बोटातली अंगठी काढून तबकात ठेवली, काचेवरचं कार्ड उचललं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. विक्रेत्याला स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "नो, थँक यू."

विक्रेत्याचं हसू गेलं. आधी त्यानं भाव कमी केला, मग आणखी कमी केला, मग आवाज चढवला की तुम्ही आमचा वेळ घेतलात. आणखी एक धिप्पाड माणूस आतून येऊन दाराजवळ उभा राहिला. मी पर्स उचलून उभी राहिले. ताई मात्र उठल्याच नाहीत. त्यांच्या पेल्यात रस शिल्लक होता. त्या एकेक घोट घेत राहिल्या, सगळ्या दुकानाला वाट बघायला लावून. पेला रिकामा झाला तेव्हा तो त्यांनी काचेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "टुरिस्ट पोलिसांचा नंबर तुझ्या फोनमध्ये आहे ना? लाव जरा."

मराठीत म्हणाल्या, पण 'टुरिस्ट पोलीस' हे शब्द सगळ्या भाषांत सारखेच. मी फोन कानाला लावायच्या आतच तो धिप्पाड माणूस दारावरून हलला. आम्ही चौघं बाहेर आलो. मागून कुणी आलं नाही.

टुकटुकवाला केव्हाच पसार झाला होता. आम्ही कुठं आहोत ते कुणालाच माहीत नव्हतं. भर दुपारचं ऊन, अनोळखी गल्ली, आणि मला एकदम हसू फुटलं. मग ताईंना, मग मुलीला. मुलगा तेवढा गंभीर. समोर औषधांचं एक दुकान होतं. मी आत जाऊन काउंटरवरच्या मुलीला वाट विचारली. तिनं दारापर्यंत येऊन हातानं दाखवलं, सरळ गेलात की नदी, तिथून बोट मिळेल. आणि ती आत निघून गेली. अगदी माझ्या वडिलांसारखी.

बोटीत वारा होता. मुलगा कठड्याला टेकून उभा होता. मग आमच्याकडे आला.

"आंटी, दुकान बढ़ाना था," तो म्हणाला. "लगा, एक मौका मिल गया."

"दुकान बढ़ेगी," ताई म्हणाल्या. "हिसाब इसको दे देना." आणि त्याच्या बायकोकडे बोट केलं. तेव्हा तो हसला.

देऊळ अर्थातच उघडं होतं. आम्ही दोघींनी पुन्हा तिकीट काढलं. मुलगी तळव्यांपुढे उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, फोटो काढ, साडीच्या शेजारी. ताई आणि ती, दोघींचा फोटो त्यानं काढला. मी नाण्यांच्या वाट्यांजवळ उभी राहून बघत होते. वर्गात कितीदा म्हटलं असेन की पृथ्वी मोठी आहे. त्या दुपारी प्रथमच वाटलं की असेना का मोठी, मला तिच्यात चालता येतं.

भोपाळला परतलो तर विमानतळावर नवरा काठी टेकत उभा. त्यानं आधी आम्हाला बघितलं, मग सामान, मग पुन्हा आम्हाला. गाडीत ताईंनी सगळी कथा सांगितली. तो ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र बरखेड्याच्या बाजारात भाजी घेताना जो भेटेल त्याला तो तीच गोष्ट सांगताना मी ऐकलं. त्याच्या गोष्टीत दुकानातली माणसं दोनाची चार झाली होती. दीर म्हणाले, "बघितलंत, माझे व्हिडिओ कामाला आले." आम्ही त्यांना तेवढं श्रेय देऊन टाकलं.

त्यानंतर कॉलनीतल्या बायका चौकशीला यायला लागल्या. कुणाचा मुलगा परदेशातून बोलावत होता, कुणाला फक्त जायचंच होतं, पण धीर होत नव्हता. व्हिडिओ त्यांनीही खूप बघितले होते आणि त्यानं भीतीच वाढली होती. मग ताईंनी आमच्या बैठकीच्या खोलीत सराव सुरू केला. दर आठवड्याला एक लबाडी. ताई स्वतः लबाड व्हायच्या. कधी बळेच हातात गोफ बांधून पैसे मागणारा, कधी खोटा पोलीस, कधी 'तुमच्या खांद्यावर काहीतरी सांडलंय' म्हणून पुसायला येणारी बाई. कॉलनीतली एखादी पर्यटक व्हायची. ताई इतक्या गोड बोलायच्या की एकदा शेजारच्या घाऱ्या डोळ्यांच्या वहिनींनी हातातलं घड्याळ काढून देऊनच टाकलं, आणि मग सगळ्या खोलीबरोबर स्वतःही हसत बसल्या. मी फक्त एकच प्रश्न विचारायचे, "याच्यामुळे तुमची वाट बदलली का?" पहिल्या आठवड्यात सगळ्या गोंधळायच्या. नंतर नंतर उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं.

छत्रीवाल्या बाईचंही नाटक आम्ही करायचो. तिच्यापासून जी पळेल ती नापास.

गेल्या हिवाळ्यात घड्याळवाल्या वहिनी आपल्या बहिणीबरोबर इस्तंबूलला गेल्या. मी आणि ताई सकाळचा चहा घेत होतो तेव्हा फोनवर त्यांचा आवाजी निरोप आला. मागे गाड्यांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज होता.

"ऐका," वहिनी सांगत होत्या, "आमच्या पुढून एक बूटपॉलिशवाला चालला होता. त्याचा ब्रश पडला. मी उचलून दिला. लगेच म्हणतो, उपकार झाले, बसा, फुकटात तुमचे बूट चमकवून देतो. मी म्हटलं, बाबा रे, आम्ही किल्ला बघायला निघालोय. नमस्कार केला आणि चालू पडले. आता किल्ल्यावर उभ्या आहोत. वारा फार आहे. बहीण म्हणते, टोपी सांभाळ."

ताईंनी तो निरोप पुन्हा लावला. मग मला म्हणाल्या, "अगं, इस्तंबूल नकाशात कुठं येतं, दाखव बरं." मी पेपराच्या कोऱ्या कडेला पेनानं काढायला घेतलं.